चूलबंद आवतण

साडेनऊ वाजले तरी रुखमाचा पत्ता नव्हता अन् माह्या डोक्याचा भुगा होऊन राह्यला होता.

महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस, म्हणजे जेवणाचा दिवस. घरात पाय ठेवाले जागा नाही. दिराचं बिऱ्हाड जालन्याहून आलेलं, नणंदा आपापल्या लेकरांसगट आलेल्या, अन् मालकाची आत्या मनकर्णाबाई ओसरीवर बाज टाकून आल्यागेल्याले हुकूम सोडत बसलेली. मोरीजवळ भांड्यांचा ढीग तसाच पडून होता. दोन चुली पेटल्या होत्या, गॅसवर कटाची आमटी उकळत होती, एका परातीत पुरण, दुसरीत वड्यांचं पीठ. सोळा भाज्या चिरून व्हायच्या होत्या. पडवळ तर कोणी आणलंच नव्हतं. दरवर्षी ते रुखमा आणते, तिच्या परसातलं. पडवळाशिवाय आमच्या घरी कढी होत नाही अन् कढीशिवाय निवद होत नाही.

"ताई, रुखमाबाई आली नाही वाटते," अन्नपूर्णा म्हणे. अन्नपूर्णा म्हणजे माही धाकटी जाऊ. बाई मनानं वाईट नाही, पण जे दिसते ते बोलून दाखवल्याशिवाय तिले राहवत नाही.

"मले डोळे आहेत," मी म्हटलं.

"नाही, म्हटलं भांडे कोण घासणार."

"तू घास. जालन्यात काय भांडे आपोआप निघतात काय?"

मले चैन पडेना. पोळी लाटली की दाराकडं पाहे, पोळी उलटली की दाराकडं पाहे. तिसरी पोळी करपली. पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. निवद दाखवणारीनं तो दाखवेपर्यंत काही खायचं नसते, अन् सासू गेल्यापासून बावीस वर्षं झाली, आमच्या घरचा निवद मीच दाखवते. तो मान मी कोणाले देल्ला नाही. अन्नपूर्णेले तो पाह्यजे, हे बी मले ठाऊक आहे. तिनं कधी म्हटलं नाही, पण निवदाच्या ताटाकडं ती कशी पाहते ते मी पाहते ना.

आता यंदाचं जेवण साधं नव्हतं, ते सांगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत माह्या पोराले, राजकुमारले, मण्यार चावली. शेतात डुकरं येत म्हणून तो जागलीले गेला होता, खोपडीत गोणपाट टाकून खालीच झोपला. सकाळी सहा वाजता मी अन् रुखमा मुगाच्या शेंगा तोडाले गेलो तर हा उठेना. हाक मारली तर म्हणे, "डोळे उघडत नाहीत." पापण्या अशा लोंबलेल्या. हातावर टाचणी टोचल्यावानी दोन टिपके. गोणपाट उचललं तर खाली काळं, पांढऱ्या पट्ट्याचं, हातभर. मालक त्या दिवशी बाजाराले देऊळगाव राजाले गेले होते. रानात आम्ही दोघीच.

मग सईदची पिकअप आली, टमाट्याचे कॅरेट भरलेली. सईद आमच्या गावचाच, भाजीपाल्याचा व्यापार करते. त्यानं सगळे कॅरेट रस्त्यावर उतरवून टाकले अन् पोराले घेतलं. गावातल्या उपकेंद्रावरून मुबीना सिस्टर गाडीत चढली, अन् पोराचा श्वास अडकाले लागला तसा त्याच्या तोंडावर हवा भरायचा फुगा धरून दवाखाना येईपर्यंत दाबत राह्यली. पोलीस पाटलानं पुढं फोन लावून ठेवला, म्हणून दारात डॉक्टर उभे होते. चार दिवस पोरगं मशीनवर होतं. पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, मी महालक्ष्म्यांले बोलली की पुढच्या वर्षी ज्याईनं ज्याईनं माह्या लेकराले वाचवलं त्यांची पहिली पंगत बसवीन, अन् राजकुमारच्या हातानं वाढवीन. घरचे पाहुणे मागून.

एवढं सगळ्या गावाले ठाऊक आहे. अन् त्याच्यासंगं अजून एक गोष्ट सगळ्या गावाले ठाऊक आहे. ती मीच सांगितली. पाहुणे आले, सोयरे आले, बाजारात कोणी भेटलं, की मी सांगे: "मी म्हटलं, मंत्रतंत्र काही नाही, आधी दवाखाना." लोकं म्हणत, झुंबरबाई, धीराची बाई आहात तुम्ही. मालक तर चारचौघात माही वाहवा करत.

खोटं आहे ते. तुमच्याजवळ काय लपवू. पोराले पाह्यलं अन् मी म्हटलं, "याले बुवाकडं घेऊन चाल." आमच्या शेताच्या वर नागोबाचं ठाणं आहे, तिथं एक बुवा साप उतरवते. मी पोराच्या बगलेत हात घालून त्याले तिकडं ओढाले लागली. रुखमानं माहे हात सोडवले. मी सोडेना तं तिनं मले ढकललं. मी मुगात जाऊन पडली. ती म्हणे, "लेकरू मारता काय बाई?" मग तिनं त्याले पाठीवर घेतलं, सडकेपर्यंत नेलं, अन् सडकेच्या मधोमध उभी राहून सईदची गाडी अडवली. गाडी आली तेव्हा आम्ही दोघी नुसत्या रडत होतो. आधी काय झालं ते सईदले ठाऊक नाही, सिस्टरले ठाऊक नाही, राजकुमारले तर शुद्धच नव्हती. दोघींलेच ठाऊक होतं. अन् वर्षभरात रुखमानं एक शब्द काढला नाही.

काढला असता तं मी भांडली तरी असती. ती गप होती, तेच मले सोसत नव्हतं.

परवा आवतण द्याले मी अन् अन्नपूर्णा निघालो, हातात हळदकुंकवाचा करंडा. आमच्याकडं फोनवर आवतण चालत नाही, दारात जाऊन द्या लागते. घरटी एक म्हटलं तं एकच माणूस येते. चूलबंद म्हटलं तं अख्खं घर येते, त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही. पहिल्या पंगतीच्या सगळ्याईले मी चूलबंद सांगितलं. सईदच्या घरी बानोभाभीले कुंकू नाही, नुसते हात जोडले. ती हसून म्हणे, "चूलबंद? आमच्या घरी सात खाणारे आहेत, सोच लो." मी म्हटलं, "सातच्या सात पाठवजो." पोलीस पाटलाच्या घरी त्याच्या बायकोले, सरस्वतीबाईले सांगितलं. मग सिस्टरच्या खोलीवर जाले निघालो. रुखमाचं घर त्याच वाटेवर लागते.

"इथं द्यायचं ना?" अन्नपूर्णा म्हणे.

"घरच्याले कायचं आवतण?" मी म्हटलं अन् पुढं चालाले लागली.

एकोणीस वर्षं ती आमच्या घरी आहे. राजकुमार पाच वर्षांचा होता तवापासून. भांडे, झाडलोट, निंदण, दाळ भरडणं. तिले कोणी कधी आवतण देल्लं? ती असतेच. सकाळी सगळ्यांच्या आधी येते अन् सगळ्यांच्या मागून जेवते. मी मनाले हेच सांगितलं. पण माह्या डोळ्यासमोर पंगत दिसत होती: रुखमा पहिल्या पानावर बसलेली, शेजारी सईद, अन् सईद बोलका माणूस, तो म्हणणार, "रुखमाबाई, त्या दिवशी झालं तरी काय हो रानात?" अन् साठ माणूस ऐकाले बसलेलं. ते मले नको होतं. ती नेहमीसारखी मोरीवर असती तं कोणी विचारलं नसतं.

अन् आता ती मोरीवर बी नव्हती.

दहा वाजता मी अन्नपूर्णेच्या पोरीले, छकुलीले, पाठवलं. "जा, तिले म्हण, झोपली काय. अन् पडवळ घेऊन ये म्हणा."

छकुली दहा मिनिटांत परत आली, हात हलवत. "मोठी आई, ती घरी आहे. स्वयंपाक करून राह्यली. म्हणे आज कामाले नाही येत."

"स्वयंपाक? अन् पडवळ?"

"ते मी विसरली."

"खायाले बरी विसरत नाही." पोरीचं तोंड उतरलं. तिच्यावर ओरडाचं काही कारण नव्हतं, पण माह्या अंगात वारं शिरल्यावानी झालं होतं. मी उठली, बसली, पुन्हा उठली. झाऱ्या हातात घेतला अन् काय कराले घेतला ते विसरली.

राजकुमार पाण्याची टाकी भरून आत येत होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणे, "मावशी नाही येत? काऊन?"

"मले काय ठाऊक. भाव खाऊन राह्यली असन."

"तिले आवतण देल्लं होतं ना?"

मी कढईत वडा सोडला. मग अजून एक सोडला.

"माय, मी काय विचारून राह्यलो?"

"घरच्याले कायचं आवतण? घरचीच तर आहे ती."

त्यानं बादली खाली ठेवली. माहं पोरगं गरीब आहे, मोठ्यानं बोलत नाही. तसंच हळू म्हणे, "शुद्ध जाऊन राह्यली होती तरी एक गोष्ट मले याद आहे. कोणीतरी माह्या गालात मारत होतं अन् म्हणत होतं, झोपू नको, झोपू नको. ती मावशी होती. ती पंगतीले नाही, तं मी वाढत नाही."

"मग नवस कसा फिटन?"

"तू पाह्य," म्हणे अन् बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

आता घ्या. रुखमा आली तं माही फजिती, नाही आली तं देवीसमोर बोललेलं खोटं.  तेवढ्यात पोलीस पाटील अन् सरस्वतीबाई आले बी. मागून सईदची पिकअप थांबली, तिच्यातून बानोभाभी अन् लेकरं उतरली, सगळे इस्त्रीच्या कपड्यात. मुबीना सिस्टर स्कूटीवर आली, हातात मिठाईचा डबा. सईद ओसरीवर बसला नाही तोच म्हणे, "भाभी, रुखमाबाई कुठी आहे? तिनं त्या दिवशी अशी गाडी अडवली, मले वाटलं ही बाई आता मरते." सगळे हसले. मी बी हसली. कपाळावरचा घाम पदरानं पुसला अन् आत आली.

मालक मागंमागं आले. "अवं, काय चाललं? राजू बाहेर तोंड फुगवून बसला, आत्याबाई निवदाची घाई करून राह्यली."

"रुखमाले आणा लागते."

"मग पाठव ना कोणाले."

"पाठवून झालं," मी म्हटलं. "मलेच जा लागन."

करंडा पदराखाली घेतला अन् मागच्या दारानं निघाली. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, रात्रीच्या पावसानं जमीन वाफ टाकत होती. पोट रिकामं, चक्कर येऊन राह्यली होती. फोन वाजला, मालकांचा. उचलला नाही. जिल्हा परिषदेची शाळा ओलांडली, ओढा ओलांडला. वाटेत दोघीतिघी म्हणाल्या, "झुंबरबाई, आज अन् इकडं?" मी म्हटलं, "पडवळाले चालली." तोंडातून तेच निघालं.

रुखमाच्या दारात तिची सून आशाबाई पोरीची वेणी घालत होती. मले पाहून उभी राह्यली अन् आत पाह्यलं. रुखमा चुलीपाशी बसली होती. भाकर थापत होती. चार भाकरी झालेल्या होत्या.

"या बाई," ती म्हणे. उठली नाही.

मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी. एकोणीस वर्षांत मी त्या घरात कधी गेली नव्हती. काऊन, ते आमच्या गावात कोणी विचारत नाही.

"काय चालवलं रुखमा हे? तिकडं साठ माणूस खोळंबून राह्यलं."

"जेवाले घाला ना मग. सणच आहे."

"तू नाही आली."

"आज सुटी घेतली. एकोणीस वर्षांत मांगतली नव्हती."

"मोरीवर भांडे पडून आहेत. पडवळ बी आणलं नाही कोणी."

"पडवळ परसात आहे. आशा, देय बाईले तोडून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तं मले बरं वाटलं असतं. मी करंडा काढला. "आवतण द्याचं राह्यलं," मी म्हटलं. "घाईत विसरली. तू घरचीच, ध्यानातच नाही आलं."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणे, "बाई, परवा तुम्ही सईदभाऊच्या घरी गेल्या. पाटलाच्या घरी गेल्या. सिस्टरच्या खोलीवर गेल्या. ह्याच वाटेनं गेल्या. मी अंगण झाडून राह्यली होती. मले वाटलं, आता आल्या. मी झाडू ठेवला, पदर बी नीट केला. तुमच्या जावेनं दाराकडं बोट केलं, अन् तुम्ही मान खाली घालून पुढं गेल्या." भाकर तिनं चुलीच्या तोंडाशी उभी केली. "तुम्ही विसरल्या नाही."

 मी तिथंच उंबऱ्यावर बसली.

"नाही विसरली," मी म्हटलं.

आशाबाई पडवळ हातात घेऊन परसाच्या दारात थांबली.

"तू पंगतीले बसली असती, सईदनं विचारलं असतं. सगळ्याईसमोर निघालं असतं, मी पोराले कुठी नेत होती ते. मले लाज वाटते तुही रुखमा. वर्ष झालं, तू भांडे घासत असली की मी त्या खोलीत येत नाही. तुले समजलं नाही काय?"

"समजलं ना. समजाले काय झालं." ती हात पुसत म्हणे. "मी कोणाले सांगितलं काय बाई? आशाले बी नाही. सांगणार बी नव्हती. तुमचं लेकरू मरत होतं, माणसाले काही बी सुचते. मी ते धरलंच नाही. पण आवतणाच्या वेळी माहं दार सोडून गेल्या, ते मी धरलं. रात्रभर झोप नाही आली मले."

मी आत गेली. उंबरा ओलांडताना काही झालं नाही, घरासारखं घर होतं. तिच्या कपाळाले कुंकू लावलं, आशाबाईले लावलं, पोरीले लावलं. कुंकू सांडून पोरीचं नाक लाल झालं. "चूलबंद आवतण आहे," मी म्हटलं. "घरादारासगट जेवाले या. पहिल्या पंगतीले."

रुखमानं एक ताटली पुढं ओढली. मग म्हणे, "बसा. पहिल्यांदा आल्या घरी. दोन घास खाऊन जा."

"मी उपाशी आहे. निवद व्हायचा आहे माह्या हातचा."

"हाव. राहू द्या मग," ती म्हणे, अन् ताटली पुन्हा जागेवर ठेवाले उठली बी. तिले माहं उत्तर आधीच ठाऊक होतं. ते उत्तर तिनं गावातल्या दहा घरच्या बायाईकडून ऐकलं असन, कुठी उपासाचं, कुठी पोट भरल्याचं.

ते पाहून मले माहीच इतकी चीड आली. ही बाई माह्या घरचं एकोणीस वर्षं खाते अन् मी तिच्या दारचं पाणी पेली नाही. माहं लेकरू तिनं पाठीवर नेलं, तेव्हा नाही म्हटलं मी, की राहू दे, तुह्या पाठीवर नको.

"आण ती ताटली," मी म्हटलं.

"बाई, निवद?"

"आण म्हटलं ना."

भाकर, चवळीच्या शेंगांची भाजी, वरून तेल घातलेला ठेचा. पहिला घास गिळवेना. भीती वाटत होती, देवीची बी अन् आत्याबाईची बी. खरं सांगू तं आत्याबाईची जास्त. दुसरा घास गेला. मग भूक अशी भडकली की मी अख्खी भाकर खाल्ली. डोळ्यातून पाणी येत होतं. आशाबाई म्हणे ठेचा तिखट आहे. मी म्हटलं, हाव, तिखटच आहे. रुखमा समोर बसून होती. तिनं अजून एक भाकर मोडून पुढं केली, ती बी मी घेतली.

मग आम्ही चौघी निघालो. रुखमानं धुतलेलं लुगडं नेसलं, पोरीनं नवा फ्रॉक घातला, पडवळ माह्या हातात. आमच्या घराजवळ आल्यावर रुखमाचे पाय मागच्या दाराकडं वळाले. मी तिच्या दंडाले धरलं अन् पुढच्या दारानं आणलं.

आत सगळे माह्यावर टपलेलेच होते. देवीसमोर ताट वाढलेलं, पुरणाचे सोळा दिवे लावलेले, कढी बिनपडवळाचीच झालेली. राजकुमारनं रुखमाले पाह्यलं अन् तो कट्ट्यावरून उतरला. मनकर्णाबाई म्हणे, "आली का एकदाची. चाल, दाखव निवद, देवी केव्हाची ताटकळली."

"अन्नपूर्णा, तू दाखव," मी म्हटलं.

अन्नपूर्णा माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. "मी? काऊन ताई?"

"मी जेवली."

"जेवल्या? कुठी?"

"रुखमाबाईच्या घरी."

  मनकर्णाबाईनं कपाळाले हात लावला. "निवदाच्या आधी? तिथं? अवं, देवी कोपन की."

"कोपू द्या आत्याबाई," मी म्हटलं. "वर्षभर मी खोटं बोलून तिच्यासमोर दिवा लावला, तवा नाही कोपली." आता थांबली असती तं पुन्हा कधी बोलली नसती. "मी म्हणत होती ना, मी म्हटलं आधी दवाखाना? मी नाही म्हटलं. मी पोराले बुवाकडं ओढून राह्यली होती. या बाईनं मले ढकललं अन् त्याले पाठीवर घेतलं. तुम्ही सगळे माही वाहवा करत होते, ती हिची होती. अन् हिलेच मी आवतण देल्लं नाही, हे बाहेर निघन म्हणून."

मालक माह्याकडं पाहत होते. त्याईनं नुसती टोपी काढली अन् पुन्हा घातली. सईदनं मान खाली घातली. मुबीना सिस्टर उठली, रुखमाबाईजवळ गेली अन् तिले धरून पाटावर बसवलं, आपल्या अन् बानोभाभीच्या मधात.

"सांगाची काही गरज नव्हती बाई," रुखमाबाई हळूच म्हणे.

"होती," मी म्हटलं.

अन्नपूर्णेनं निवद दाखवला. तिले क्रम ठाऊक नव्हता, अंबील आधी ठेवली अन् पुरण मागून, अन् मी दाराशी उभी राहून हाताले हात घट्ट धरून ठेवला, बोलायचं नाही म्हणून. आरती झाली. पानं मांडली.

राजकुमार वाढाले लागला. सईदले, त्याच्या लेकराईले, पाटलाले, सिस्टरले. मी कढीचं भांडं घेऊन त्याच्या मागं गेली. भांडं घेताना तो माह्याकडं न पाहता म्हणे, "खरंच नेत होती मले तिकडं?"

"हाव."

"काऊन?"

"भ्याली होती रे. तू मरशीन असं वाटलं, अन् लहानपणापासून जे पाह्यलं तेच सुचलं."

त्यानं रुखमाबाईच्या पानात कढी वाढली. ती पुरे म्हणे, तरी अजून एक डाव वाढली, अन् तो पुढच्या पानाकडं गेला.

ती पंगत उठली, दुसरी बसली, मग तिसरी. भांडे घासाले मी बसली, अन्नपूर्णा पाणी टाकाले आली. ओसरीवरून राजकुमारचा आवाज येत होता. मावशी, पानसुपारी घे. सईदचाचा, बसा अजून. बाबा, ताक कुठी आहे. सगळ्याईले तो हाका मारत होता. मी राख लावून एकच परात घासत राह्यली अन् कान तिकडं लावून बसली, आता मारन मले हाक, आता मारन.